मोठीआईचं हिंदी

मोठीआई गेली तेव्हा तिचं वय नेमकं किती होतं यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. स्मशानातल्या कारकुनाने नोंदीसाठी विचारलं, तेव्हा माझा धाकटा भाऊ मिलिंद म्हणाला, ‘चौऱ्याण्णव,’ आणि त्याच क्षणी मी म्हणाले, ‘शहाण्णव.’ कारकुनाने आम्हा दोघांकडे पाहिलं, ‘पंचानवे लिख देता हूँ’ म्हणाला आणि पुढच्या रकान्याकडे वळला. मोठीआईला ही तडजोड आवडली असती. तिला कोणी वय विचारलं की ती सांगायची, ‘दीक्षेले गेली तवा तुहा बाप माह्या खांद्याले लागत होता. आता तूच लाव अंदाज.’ तो अंदाज आम्ही आयुष्यभर लावत राहिलो. दीक्षेच्या वेळी बाबा केवढे वाढले होते, हे सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

ती माझ्या बाबांची वहिनी, म्हणजे माझी थोरली काकू. नागपूरकडे थोरल्या काकूला मोठीआई म्हणतात. मिलिंदची मुलगी गुडगावात नोकरी करते, तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना ‘यार’ म्हटल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नाही. ती परवा मला म्हणाली, ‘मोठीआई म्हणजे बड़ी मम्मी, राइट?’ मी हो म्हटलं. पण ती नुसती मोठी नव्हती, ती आमच्या घराची मुळातली बाई होती. लग्न होऊन तेराव्या-चौदाव्या वर्षी ती घरात आली तेव्हा बाबा दोन वर्षांचे होते आणि त्यांची आई नुकतीच गेलेली होती. स्वतःचे केस धड विंचरता येत नव्हते त्या वयात तिने दिराला न्हाऊ घातलं. पुढे तिचा नवरा गिरणीत काम करता करता आजारी पडून गेला, दोन मुलं झाली तीही लहानपणीच गेली. बाबांना दिल्लीत सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची नवी बायको आली आणि वहिनी आली. माझी आई हसून सांगायची, ‘लग्नात सगळे म्हणाले, पोरीला सासू नाही, सुटली. मग दिल्लीला निघायला स्टेशनवर गेले तर मोठीबाई ट्रंकेवर बसलेल्या!’ पण दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. मोठीआई पुढे आमच्याबरोबर दिल्लीतल्या किती घरांमधून फिरली आणि शेवटची वीस-बावीस वर्षं मयूर विहारच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिली. बाल्कनीतून मेट्रो दिसली की ती हात हलवायची. चालवणारा बघत असणार, अशी तिची खात्री होती.

मला मात्र इथे गाझियाबादच्या दोन वर्षांबद्दलच लिहायचं आहे. त्या वेळी मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि घरात मला बेबी म्हणत.

घर आमच्या मालकिणीचं, सरला चाचीचं होतं. चाची विधवा, पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी आणि ताठ. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खाली ती, तिचा मुलगा आणि सून राहत; मुलाचं बाजारात खिळे-कुलपांचं दुकान होतं. वर आमच्या दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि पुढे उघडी गच्ची. पहाटे पाचला अंगणातला हातपंप करकरायला लागे. मग कुठल्याशा कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग चाचीचा रेडिओ. बाबा डबा घेऊन दिल्लीच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघायचे, त्यांच्या सायकलची घंटी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. पण या सगळ्याच्या आधी, हातपंपाच्याही आधी, मोठीआईची वंदना असे. अंघोळ करून, निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून ती गच्चीकडच्या दारात पूर्वेला तोंड करून बसायची आणि त्रिशरण-पंचशीलापासून सुरुवात करून सगळं पाली पाठ म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं कानांनी शिकलेलं होतं, आणि कानांनी शिकलेलं असल्यामुळेच की काय, एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. आवाज भरदार होता. ज्या भागात तो चढायचा तिथे खालच्या अंगणातली कबुतरं उडायची.

जेवणात आमच्याकडे तेव्हा दोन चवी होत्या, एक उघडी आणि एक झाकलेली. उघडी म्हणजे पाटवडीचा रस्सा, अंबाडीची भाजी मिळाली तर, आणि नागपूरहून ट्रंकेत आणलेल्या ज्वारीची भाकरी. ती ज्वारी संपली की मोठीआईचा चेहरा चार दिवस उतरलेला असे. गव्हाची पोळी हे तिच्या मते आजाऱ्याचं जेवण होतं. झाकलेली चव म्हणजे रविवारची अंडी. खिडक्या लावून, वर हिंगाची फोडणी करून वास दाबायचा, आणि टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून बाबा सोमवारी स्टेशनजवळ टाकायचे. सुकटीचं तर नावच काढायचं नव्हतं. मोठीआई अंडं खाताना म्हणायची, ‘चोरीचा माल खाल्ल्यावानी खातो बाप्पा आपण. कोंबडीनं देल्लं, आपण आणलं, मंग चोरी कोनाची?’ आई हसू दाबायची. बाबा हसत नसत.

बाबांना हसू न येण्याचं कारण होतं. या घराआधी तीन घरं हातची गेली होती. एका ठिकाणी आडनाव विचारलं, ते कळलं नाही म्हणून गाव विचारलं, गावही कळलं नाही म्हणून मग सरळच विचारलं. दुसऱ्या ठिकाणी उद्या या म्हणाले आणि उद्या कुलूप होतं. तिसऱ्या घरात आम्ही राहायलाही गेलो होतो. मग नागपूरहून मामाचं पोस्टकार्ड आलं. आमच्याकडे पत्राच्या माथ्यावर ‘जय भीम’ लिहितात, तसं ते होतं. पोस्टमनने ते मालकाच्या हातात दिलं आणि त्याने ते आमच्या आधी वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाच्याला खोल्यांची गरज निघाली. तेव्हापासून बाबांनी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की पोस्टकार्ड बंद, अंतर्देशीय पाठवा, चारी बाजूंनी चिकटवून. आम्हा मुलांना सांगून ठेवलं, ‘कोणी विचारलं तर महाराष्ट्रातले आहोत म्हणायचं. त्यापुढे बोलायचं नाही.’

मी त्यापुढे बोलले नाही. मी फक्त मान हलवली. राहायला येऊन महिना झाला असेल. चाची आमच्या गच्चीवर मुगाच्या वड्या वाळत घालायला आली होती आणि मी पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसले होते. ती म्हणाली, ‘बिटिया, तेरी ताई जी सवेरे जो पाठ करे हैं, बड़ा शुद्ध है। हमारे पंडित जी से ना बोला जाता ऐसा। और घर में लहसुन तक की बास ना आती। पंडित हो ना तुम लोग?’

मी मान हलवली. होकारार्थी. पुस्तकातून नजरही वर केली नाही.

त्या एका होकाराने आमचं घर एकदम सोपं झालं. चाची मोठीआईला ‘पंडिताइन’ म्हणू लागली. हातपंपावर आमची बादली पुढे घेतली जाऊ लागली, सणासुदीला वाटी वर येऊ लागली. मोठीआईला हिंदी जेमतेम यायचं, बाजारात भाजी घेण्यापुरतं. चाचीशी सगळं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. दोघी मध्ये मला बसवायच्या आणि तास तास बोलायच्या, सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, मेलेल्या नवऱ्यांबद्दल. मला वाटतं त्या दोघींना दिल्लीकडे आल्यापासून किंवा वैधव्य आल्यापासून तेवढं मोकळं बोलायला कोणी मिळालंच नव्हतं. एकदा मोठीआईने विचारलं, ‘हे पंडिताइन पंडिताइन काय म्हनते गं मले?’ मी म्हटलं, ‘शिकलेल्या बाईला म्हणतात तसं.’ ती एवढी खूश झाली! अंगठा उठवणारी बाई; दिवसभर तिने हे आईला चार वेळा सांगितलं. ‘मले शिकलेली म्हनते ते!’ मी पुस्तक वर धरून तोंड झाकलं होतं. आज साठीला आल्यावरही मला मान हलवल्याचं तेवढं वाईट वाटत नाही, जेवढं या दुसऱ्या खोट्याचं वाटतं.

पुढच्या भाद्रपदात, ज्याला तिकडे कनागत म्हणतात त्या पितृपक्षात, एका दुपारी चाची वर आली. तिच्या सासूचं श्राद्ध परवा होतं. सासू विधवा होऊन गेलेली, म्हणून त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी एका विधवा ब्राह्मण बाईला जेवू घालायचं असे. दर वर्षी ज्या बाईला बोलवायची ती आता अंथरुणाला खिळली होती. ‘मैंने सोचा, बाहर क्यों ढूँढूँ, मेरे तो सिर पे ही पंडिताइन बैठी हैं। पूछ ले बिटिया। बारह बजे से पहले जिमाना है।’

‘काय म्हनते?’ मोठीआईने विचारलं.

‘परवा जेवायला बोलावतेय. खाली.’

‘कायचं जेवन?’

‘असंच.’

‘येतो म्हनाव!’ मोठीआई म्हणाली. ती आमच्या गावाकडच्या बायकांसारखी येतो-जातो असंच बोलायची. चाचीला हिंदीत सांगायची गरजच पडली नाही. मोठीआईचा चेहरा बघून ती हात जोडून खाली गेली.

संध्याकाळी बाबा आले, आईने सांगितलं, आणि बाबा पायातले बूटही न काढता पलंगावर बसून राहिले. ‘चाचीच्या डोक्यात हे कोणी घातलं?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते मला रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. न बोलायला त्यांनीच तर शिकवलं होतं. मग म्हणाले, ‘ठीक आहे. परवा सकाळी जाऊन सांग, मोठीआईचा उपवास आहे. संपलं.’

‘मले कोनी सांगाल का काय चाललं हाये ते?’ मोठीआई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

बाबांनी सांगितलं. ती आधी हसली. हसली म्हणजे काय, भिंतीला धरून, पदराने डोळे पुसत हसली. ‘मले! बामनीन समजून! अगं माय!’ आईही हसायला लागली, मलाही हसू फुटलं. आणि मग ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली. ‘म्हंजे पंडिताइन म्हंजे शिकलेली बाई नाही.’

मी जमिनीकडे पाहिलं.

‘असू दे,’ ती म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता. मग बाबांकडे वळली. ‘सुखदेव, उपवास-बिपवास काही सांगू नोको. मी सोता जातो अन् खरं सांगतो.’

‘वहिनी, घर जाईल.’

‘जात लपवून खोल्या घेतल्या, ते मी चालवून घेतलं. लेकरायचं शिक्षन हाये. अंडी लपवली, पत्रं लपवली. पन ते बाई तिच्या मेलेल्या सासूच्या नावानं पान वाढून राह्यली. त्या पानावर मी खोटी बसू का? अन् खोटा उपवास सांगू का? माहे दोन लेकरं गेले, त्यायच्या नावानं कोनी माह्यासमोर खोटं बोललं तर मी त्याचं तोंड पाह्यलं नसतं.’

‘बेबीची बोर्डाची परीक्षा आहे,’ बाबा हळूच म्हणाले. ‘वर्षाच्या मध्ये शाळा बदलावी लागली तर?’

मोठीआई दारातून पुढे आली. मग म्हणाली, ‘बेबी पास व्हईन. पन खोटं बोलून पास झाल्यावर तिले काय येईन, ते मले सांग.’

बाबा उठले आणि बूट काढायला बाहेर गेले. ज्या बाईने आपल्याला न्हाऊ घातलं तिच्याशी वाद कसा घालायचा, हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी मी शाळेत गेले नाही. मोठीआई दहाच्या सुमारास खाली निघाली. पान वाढायच्या आत सांगितलं पाहिजे, म्हणजे चाचीला दुसरी बाई शोधायला वेळ मिळेल, असं तिचं म्हणणं. ‘मी बोलतो, तू तिच्या बोलीत सांग. बाकी तुह्याकडे काही काम नाही,’ ती जिन्यात म्हणाली. खाली सगळीकडे खिरीचा आणि तळणीचा वास होता. चाची न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात पाट मांडत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला. ‘अरे, अभी से? आओ आओ पंडिताइन।’

मोठीआई अंगणाच्या कडेला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, ‘सांग तिले, मी बामन नाही. आम्ही बौद्ध हावोत. त्याच्या आंधी महार होतो. तिले चुकीचं समजलं, त्याच्यात तिची चूक नाही.’

चाची माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘चाची जी, इनका आज व्रत है।’

मी काय करतेय ते मला कळत होतं. एक वाक्य, आणि घर वाचत होतं, शाळा वाचत होती, चाचीचा फुललेला चेहराही वाचत होता. मोठीआईला कळणारही नव्हतं. पण तिने माझा दंड धरला.

‘व्रत?’ ती म्हणाली. ‘मी व्रत म्हटलं? माह्या तोंडात दुसऱ्याचे शब्द नोको घालू, बेबी.’

तिने आवाज चढवला नव्हता. दंडही घट्ट धरलेला नव्हता. पण मला तोवरच्या आयुष्यात कोणी एवढं मोठ्या माणसासारखं काही सांगितलं नव्हतं. मी चाचीला सांगितलं. महार म्हणजे काय ते गाझियाबादेत कोणाला कळलं नसतं, म्हणून शाळेच्या फॉर्मवर असतो तो शब्द मी वापरला. ‘हम शेड्यूल कास्ट हैं, चाची जी। अब बौद्ध हैं। इन्होंने आपसे झूठ नहीं बोला, मैंने बोला था।’

चाचीने हातातला पाट खाली ठेवला नाही आणि मांडलाही नाही. मग एकदम म्हणाली, ‘तो वो पाठ? रोज़ सवेरे का?’

‘बुद्ध वंदना है। पाली में।’

‘काय विचारते?’ मोठीआई म्हणाली. मी सांगितलं. ‘तिले सांग, समद्या जीवायचं बरं हो, असं हाये त्याच्यात. मंग शेवटी मी माह्या मेलेल्या मानसायचे नावं घेतो. नवरा, दोन लेकरं, सासू. जेवाले मी बसत नाही, पन तिच्या सासूचं नाव तिनं देल्लं तर तिचंही घेईन. नाव काय होतं तिचं?’

हे मी शब्दशः सांगितलं. चाचीने नाव सांगितलं नाही. तिच्या तोंडावर काय होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग होता, पण तोच एक नव्हता. ती म्हणाली, ‘बिटिया, इन्हें ऊपर ले जा।’

बाराच्या आत पलीकडच्या गल्लीतून कोणी बाई येऊन जेवून गेली, तेवढं आम्ही वरून ऐकलं. आणि त्याआधी आणखी एक ऐकलं. अंगण धुतल्याचा आवाज. आम्ही अंगणात पायही ठेवला नव्हता, तरी पाणी कितीतरी वेळ ओतलं जात होतं आणि खराटा फिरत होता. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मोठीआई म्हणाली, ‘धू दे. कोनाचं तरी आंगन साफ झालं.’ आणि मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, जे ती दिवसा कधी करत नसे. खरं बोललं की लगेच हलकं वाटतं असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी ती पुस्तकं खूप वाचली होती. आमच्या घरात त्या दिवशी कोणालाही हलकं वाटलं नाही.

खोल्या सोडा असं कोणी म्हटलं नाही. चाची बोलतही नव्हती. बाबांना तीन घरांचा अनुभव होता. ते वाट बघत बसले नाहीत. दोन रविवार फिरून त्यांनी हिंडन नदीच्या पलीकडे एक खोली पाहिली. पाणी लांबून आणावं लागणार होतं आणि माझी शाळा बदलणार होती. मी मोठीआईशी बोलणं टाकलं. ती समोर ताट ठेवायची, मी मुकाट्याने जेवायची. तिने माझी मनधरणी केली नाही. रोज पहाटे उठून वंदना मात्र म्हणत राहिली, आणि शेवटी आपली नावं घेऊन झाली की थोडी थांबायची आणि म्हणायची, ‘अन् खालच्या बाईची सासू.’ मी पांघरुणात चिडायची. जिने आपल्यामागे अंगण धुतलं तिची सासू!

महिना संपायच्या आधीच्या रविवारी बाबा सकाळपासून वळकट्या बांधत होते. मोठीआईची वंदना नुकतीच संपली होती. जिन्यात किल्ल्यांचा आवाज झाला आणि चाची वर आली. दाराबाहेरच थांबली. वळकट्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने मला विचारलं, ‘बिटिया, ये आख़िर में रुक के क्या कहे हैं? पहले तो ना कहती थीं।’

खालून तिला ऐकू येत होतं. वर्षभर ऐकत होती, म्हणून शेवटी वाढलेली एक ओळ तिला कळली होती. मी म्हटलं, ‘आपकी सास के लिए कहती हैं। नाम नहीं मालूम, तो ‘नीचे वाली की सास’ कहती हैं।’

चाचीने पदर तोंडाला लावला. वाटलं रडते, पण तिला हसू आलं असावं, किंवा दोन्ही. ‘हाय राम। नीचे वाली की सास!’ मग नीट उभी राहून म्हणाली, ‘किशनदेई। किशनदेई नाम था उनका। बता दे।’

मग तिला वळकट्या दिसल्या. ‘ये क्या बाँध रहे हो, भैया?’

‘पहली तारीख़ को खाली कर देंगे,’ बाबा म्हणाले.

‘मैंने कहा खाली करने को?’

‘कहा तो नहीं…’

‘तो?’ चाची म्हणाली. ‘लड़की का इम्तिहान है। बैठो चुपचाप।’ थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात म्हणाली, ‘रसोई की बात अलग है। वो मुझसे ना होगा, झूठ क्यों बोलूँ। पर मकान में रहो।’ आणि मग माझ्याकडे वळली. ‘और तू। उस दिन सिर क्यों हिलाया था?’

‘डर गई थी।’

‘मुझसे?’

‘जी।’

तिने हे ऐकून घेतलं.

‘काय म्हनते? समदं सांग,’ मोठीआई आतून म्हणाली. बाबांनी तिच्यामागून मला खूण केली, की रसोईचं गाळ. मला खूण दिसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी मोठीआईच्या डोळ्यांत बघून बोलले आणि सगळं सांगितलं. किशनदेई, मकान, इम्तिहान, माझं डर गई थी, आणि रसोईचंही.

मोठीआईने मान डोलावली. ‘तिच्या रसोईत मी कायले जाऊ? तिले म्हनाव, तू माह्या रसोईत ये. चहा ठेवतो.’

बाबांनी डोळे मिटले. मी चाचीकडे वळले आणि एकही शब्द न गाळता हे हिंदीत सांगितलं.

चाची दारातच उभी राहिली. चहा तिने त्या दिवशी घेतला नाही. आम्ही मात्र वळकट्या सोडल्या, मी त्याच शाळेतून परीक्षा दिली, आणि त्या सबंध वर्षात चाची रोज पहाटे हातपंप चालू करायला थोडा उशीर करत राहिली, किशनदेईचं नाव होईपर्यंत. चहा घ्यायला तिला पुढची थंडी उजाडावी लागली. बाहेर दाट धुकं होतं. मोठीआईने कप पुढे केला, चाचीने तो घेतला, उंबऱ्याच्या आत बसून एक घोट प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, ‘बहन जी, चीनी कम है।’

मी सांगायला तोंड उघडलं, पण मोठीआईने साखरेचा डबा आधीच हातात घेतला होता.